डम्पस्टर आणायचा की जंकवाल्यांना बोलवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: न्यू जर्सीतल्या एडिसनमधलं 1968 सालचं बाय-लेव्हल घर (दारातून अर्धा जिना वर, अर्धा खाली), 26 वर्षांचा मुक्काम. मुलगा टेक्ससला, आता तिकडेच जायचं ठरलंय. रिअल्टर, म्हणजे घर विकून देणारी एजंट, म्हणते, बेसमेंट आणि गराज रिकामं करा, वरच्या दोन्ही जुन्या बाथरूम पाडून नव्या करा, मगच घर विक्रीला लिस्ट करू. हातात सहा आठवडे. नवऱ्याची पाठ धरलेली. एकाने सांगितलं, 20 यार्डचा डम्पस्टर, म्हणजे कचऱ्याचा मोठा लोखंडी डबा, भाड्याने आणून ड्राइव्हवेत ठेवा आणि निवांत भरा. दुसऱ्याने सांगितलं, पैसे घेऊन नको असलेलं सामान उचलून नेणाऱ्या जंकवाल्यांना फोन करा, दोन तासांत घर साफ. कुणाचं ऐकायचं?

मी 22 वर्षं सेंट्रल जर्सीत रिमॉडेलिंगचं काम करतो. किती कंटेनर भरून पाठवले याचा हिशोब ठेवलेला नाही, पण चुका बऱ्यापैकी लक्षात आहेत. तुम्हाला दोन्ही लागणार आहेत, फक्त आज यातलं काहीच बोलवू नका. कारण पुढे सांगतो.

आधी वस्तू काय आहे ते बघा. घरी आणून ठेवतात त्या डम्पस्टरला रोल-ऑफ म्हणतात: वरून उघडा, लांबट लोखंडी डबा. ट्रकची पाठ तिरकी होते आणि लोखंडी दोरावर तो डबा रुळावरून घसरत खाली उतरतो. आमचे ड्रायव्हर त्याला नुसतं ‘कॅन’ म्हणतात. (डम्पस्टर हा शब्दही एका माणसाच्या आडनावातून आलाय. टेनेसीतल्या नॉक्सव्हिलच्या जॉर्ज डेम्पस्टरने 1930च्या दशकात ट्रकवर यंत्राने उचलून रिकामी करायची पेटी काढली, तिचं नाव ‘डेम्पस्टर-डम्पस्टर’. हा गृहस्थ पुढे त्या शहराचा महापौरही झाला.) घरगुती कामाला 10, 15, 20 आणि 30 यार्ड ही मापं चालतात. यार्ड म्हणजे इथे घनयार्ड, 27 घनफूट. 20 यार्डचा डबा साधारण 22 फूट लांब, साडेसात-आठ फूट रुंद आणि साडेचार फुटांच्या आसपास उंच असतो. मागे दार उघडतं, त्यामुळे जड वस्तू चालत आत नेता येतात. हे दार फार कामाचं आहे, पण डबा ठेवताना ते उघडायला जागा सोडायची हे बहुतेकजण विसरतात.

आता मुख्य मुद्दा. डबा विकला जातो मापावर आणि बिल होतं वजनावर. भाड्यात काही टन धरलेले असतात, 10 यार्डला बहुधा एक ते दोन, 20 यार्डला दोन ते तीन. डम्पवर, म्हणजे कचरा ओततात तिथे, ट्रक काट्यावर चढतो आणि वर जे भरेल त्याचे पैसे टनाच्या हिशोबाने वेगळे. इथला टन 2000 पाउंडांचा, म्हणजे 907 किलो, आपला हजार किलोचा नाही.

हे मी स्वतःच्या खिशातून शिकलो. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाचा घरामागचा काँक्रीटचा पॅटिओ, म्हणजे बसायचा ओटा, फोडला. 20 बाय 20 फूट, जाडी चार इंच. मी 20 यार्डचा डबा मागवला. सगळे तुकडे आत गेल्यावरही डबा अर्धासुद्धा भरला नव्हता, म्हणून मी खूश होऊन वर जुनं कुंपण आणि चार खुर्च्याही टाकल्या. ड्रायव्हर आला, दोर लावला, ओढायला सुरुवात केली आणि ट्रकची पुढची चाकं जमिनीवरून उचलली. त्याने शांतपणे दोर सोडला, काचेतून हात बाहेर काढला आणि बोटांनी ‘निम्मं काढ’ अशी खूण करून निघून गेला. नंतर कागदावर मांडलं: ठोस काँक्रीटचं वजन घनफुटाला दीडशे पाउंड, पॅटिओ 133 घनफूट, म्हणजे 20 हजार पाउंड. दहा टन! फेरी फुकट गेली तिचे पैसे, दोन मजुरांचा दिवस आणि आणखी एक डबा. वर कुंपण टाकलं नसतं तर ते निव्वळ काँक्रीट म्हणून क्रशरकडे, म्हणजे फोडून खडी करणाऱ्यांकडे, स्वस्तात गेलं असतं. मिसळलं की सगळाच कचरा, आणि कचऱ्याचा भाव वेगळा.

तुमच्याकडे पॅटिओ नाही, पण बाथरूम आहेत, आणि 1968च्या बाथरूम म्हणजे वेगळं प्रकरण. आजकाल टाइल पातळ बोर्डावर चिकटवतात. त्या काळी इकडे भिंतीवर जाळी ठोकून तिच्यावर सिमेंट-वाळूचा जाड थर देत आणि त्यात टाइल बसवत. तुमच्याकडे तसंच असेल असा माझा अंदाज. खात्री करायची असेल तर विजेचा ब्रेकर बंद करून बाथरूममधल्या स्विचची प्लेट काढा आणि भोकातून टाइलच्या कडेला बघा. टाइलच्या मागे इंचभर करडा सिमेंटचा थर दिसला की समजा. इंचभर जाडीचा हा थर चौरस फुटाला 12 पाउंड भरतो, टाइल धरून 15. पाच बाय आठच्या साध्या बाथरूममध्ये जमीन आणि भिंती मिळून सव्वाशे-दीडशे चौरस फूट सहज होतात, म्हणजे टनभर वजन तिथेच. टब बिडाचा असेल तर त्याचे 300 पाउंड आणखी. (तो अख्खा उचलायचा नाही. वर जुनी चादर टाकून घणाने फोडायचा. कानात बोळे, डोळ्याला चष्मा.) दोन बाथरूमचे मिळून अडीच-तीन टन होतात आणि ढीग मात्र सहा-सात यार्डांचाच.

तेव्हा बाथरूमसाठी 20 यार्डचा डबा घेऊ नका. 10 यार्डचा घ्या, पण ‘तीन टन धरून’ असा भाव मागा. मोठा डबा दिसला की माणूस तो भरतोच, हा माझा अनुभव आहे. कॉन्ट्रॅक्टर पाडायचं काम घेत असेल तर डबा त्याच्याच अंगावर टाका आणि कोटेशनमध्ये तसं लिहून घ्या. तोडफोड दोन-तीन दिवसांची. सोमवारी डबा आला की गुरुवारी गेला पाहिजे.

बेसमेंटचं गणित याच्या अगदी उलट. तिथे वजन कमी आणि पसारा जास्त. आपल्या लोकांची बेसमेंटं मी इतकी बघितलीयत की दार उघडायच्या आधी यादी सांगू शकतो. दुसरा फ्रिज, कपडे वाळत घालायला वापरलेली ट्रेडमिल, चाक तुटलेल्या सहा बॅगा, मंडळाच्या गणपतीचं थर्माकोलचं मखर ‘पुढच्या वर्षी लागेल’ म्हणून ठेवलेलं, मुलांचं पाचवीपासूनचं सगळं, आणि दिवाळी अंकांचे खोके. हे सगळं 20 यार्डात कदाचित मावेलही. पण ते बेसमेंटमधून वर आणणार कोण? डम्पस्टरच्या भाड्यात फक्त डबा येतो, माणसं येत नाहीत. धरलेल्या पाठीने तळघराच्या जिन्यावरून सोफा वर आणायचा विचारही करू नका.

इथे जंकवाले कामाचे. दोन-तीन पोरं, बंद किंवा जाळीचा ट्रक, साधारण 15 यार्ड मावणारा. तुम्ही बोट दाखवायचं, ते उचलतात, शेवटी झाडूही मारतात. भाव ट्रकचा किती हिस्सा भरला यावर: पाव, अर्धा, पूर्ण. आमच्या भागात एखादी वस्तू उचलायला आले तरी शंभर-दीडशे डॉलर, आणि पूर्ण ट्रक 600 ते 800च्या घरात, असा माझा अलीकडचा अनुभव. यार्डाच्या हिशोबाने हे डम्पस्टरपेक्षा महाग पडतं आणि तरीही तुमच्यासाठी तेच स्वस्त आहे. कारण डम्पस्टरच्या भावात तुमचे चार शनिवार-रविवार, नवऱ्याची पाठ आणि भाचेमंडळींना घातलेलं जेवण कुणी धरत नाही.

पैसे वाचवायचे तर एक युक्ती आहे. जंकवाले यायच्या आधी सामान कमी जागेत मावेल असं करून ठेवा. हलक्या वस्तू आधीच गराजच्या तोंडाशी आणून रचा, बॅगा एकात एक घाला, मखर मोडून पिशवीत भरा, शेल्फं खोला. ते जागेचे पैसे घेतात, तेव्हा ट्रकमध्ये हवा जाता कामा नये. जड तेवढं खाली बेसमेंटमध्येच राहू द्या, ते त्यांचं काम. आणि भाव आकड्यात, पहिली वस्तू उचलायच्या आधी ठरवा. फोटोवरून ‘अंदाजे’ सांगितलेला भाव ट्रक भरता भरता वाढतो.

मग आज काहीच बोलवू नका असं का म्हणतो? कारण डम्पस्टरचं भाडं दिवसाचं असतं आणि आपल्या घरात वस्तू टाकायचा निर्णय दिवसात होत नाही. सात किंवा दहा दिवस भाड्यात, पुढे रोजचे पैसे. एका काकूंकडे मी 20 यार्डचा डबा दहा दिवसांसाठी ठेवला होता. पहिल्या सहा दिवसांत त्यात दोन लॅम्पशेड आणि एक तुटका पाट पडला. रोज संध्याकाळी काका काहीतरी आत टाकायचे आणि सकाळी काकू ते बाहेर काढायच्या. पुरणयंत्र तीन वेळा आत-बाहेर झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय. आठव्या दिवशी पाऊस आला, डब्यातलं कार्पेट पाणी प्यायलं, आणि काट्यावर ते पाणीही आमच्याच नावावर मोजलं गेलं.

म्हणून पहिले दोन आठवडे फक्त ठरवायला. चार कोपरे करा: टेक्ससला जाणार, कुणाला देणार, टाउनशिप (इथली नगरपालिका) नेणार, टाकणार. देवघरातल्या जुन्या तसबिरी, वडिलांची पत्रं, असलं आधी बाजूला काढा. ज्या वस्तूवर दोघांचं जमत नाही ती वस्तू डब्याच्या दिवशी हातात असता कामा नये. स्टीलची भांडी, कुकर, पोळपाट मंडळाच्या ग्रूपवर टाका, नव्याने आलेली पोरं संध्याकाळपर्यंत घेऊन जातात. बाथरूमची व्हॅनिटी (बेसिनखालचं कपाट), दारं, चांगली कपाटं हॅबिटॅट या संस्थेच्या रिस्टोअरला, म्हणजे दान आलेलं सामान विकणाऱ्या दुकानाला, चालतात का विचारा, मोठं सामान ते बऱ्याचदा घरी येऊन नेतात. तांबं-पितळ, नळ आणि जुने पाइप भंगारवाल्याकडे. तांब्याला चांगला भाव येतो, ते डब्यात टाकणाऱ्या माणसाकडे बघून मला अजून वाईट वाटतं. आणि टाउनशिपला फोन करा. बहुतेक गावांत मोठं सामान उचलायची काही ना काही सोय टॅक्समधूनच झालेली असते, फक्त नंबर लावावा लागतो आणि एका वेळी किती वस्तू याला मर्यादा असते.

काही वस्तू डब्यात चालतच नाहीत. टीव्ही, कॉम्प्युटर, मॉनिटर न्यू जर्सीत 1 जानेवारी 2011पासून कचऱ्यात टाकायला कायद्याने बंदी आहे, ते गावाच्या किंवा काउंटीच्या (जिल्ह्याच्या) ई-कचरा केंद्रात द्यायचे. फ्रिज, विंडो एसी आणि डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा काढणारं यंत्र) यांत गॅस असतो, तो आधी नीट काढून घ्यावा लागतो. डीह्युमिडिफायर हमखास विसरला जातो. दुसरा फ्रिज अजून चालू असेल तर बंद करू नका, आधी वीज कंपनीच्या साइटवर बघा. जुना पण चालता फ्रिज घरून नेऊन वर थोडे पैसे देण्याची योजना बऱ्याच कंपन्यांकडे असते. ऑइल पेंट, थिनर, तणनाशकं, बॅटऱ्या हे काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी. बार्बेक्यूची गॅसची टाकी तर अजिबात डब्यात नको, दाबली गेली तर स्फोट होऊ शकतो.

आणि एक गोष्ट हात लावायच्या आधी. घर 1968चं आहे, तर बेसमेंटच्या जमिनीवर नऊ बाय नऊ इंची चौकोनी फरशा आहेत का बघा. कार्पेटचा कोपरा उचलून बघा. असतील तर त्यात, किंवा खालच्या काळ्या गोंदात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. खरवडू नका, फोडू नका, आधी लॅबकडून तपासून घ्या. पाइपांना गुंडाळलेलं पांढरं, प्लॅस्टरसारखं आवरण असेल तर तेच. डब्यात असलं काही सापडलं तर डम्प अख्खा लोड परत पाठवू शकतो. पण तो खर्चाचा भाग झाला, फुप्फुसं आधी.

आता डबा मागवताना. इंटरनेटवर ‘तुमच्या गावातलेच’ म्हणून जे पहिले चार नंबर दिसतात, त्यांतले बरेचसे दलाल असतात. दुसऱ्याच राज्यात बसून ते तुमचं बुकिंग घेतात आणि कमिशन ठेवून इथल्याच एखाद्या हॉलरला, म्हणजे स्वतःचे ट्रक आणि डबे असणाऱ्याला, देतात. गोंधळ झाला की हॉलर म्हणतो त्यांना विचारा, ते म्हणतात हॉलरला विचारा. एकच प्रश्न विचारा: ‘तुमचं यार्ड (ट्रक-डबे ठेवायची जागा) कुठल्या रस्त्यावर आहे?’ खरा हॉलर पटकन सांगतो. दलाल ‘आम्ही तुमच्या सगळ्या भागात सेवा देतो’ असं काहीतरी वाचून दाखवतो. पुढे किती टन धरलेत, वरच्या टनाचा भाव काय आणि तो अर्ध्या टनाला अर्धा लागतो की पूर्ण, किती दिवस, फेरी फुकट गेली तर किती, हे सगळं ईमेलवर घ्या. काट्याची पावती मिळेल का, हेही आधीच विचारा. जो पावती देतो म्हणतो त्याच्याशी मी व्यवहार करतो.

न्यू जर्सीत पैसे घेऊन दुसऱ्याचा कचरा वाहायला राज्याच्या पर्यावरण खात्याचा ‘ए-901’ परवाना लागतो. जंकवाल्यांनाही हा प्रश्न विचारा, शिवाय विम्याचा कागद मागा. पोरगं तुमच्या जिन्यावर पडलं तर त्याच्या कंपनीचा विमा हवा, तुमच्या घराचा नको. फेसबुकवरचा ‘पिकअप ट्रक, रोख दोनशे डॉलर’ वाला मोह टाळा. माझ्या एका गिऱ्हाइकाचं सामान अशाच एकाने जंगलातल्या रस्त्याकडेला ओतलं. त्यात बँकेची जुनी पाकिटं होती, पत्त्यासकट. दंडाची नोटीस सामान ज्याचं होतं त्याच्या घरी आली.

ड्राइव्हवेबद्दल. डबा टेकतो तो छोट्या लोखंडी चाकांवर. उन्हाळ्यात डांबर मऊ असतं, जुलैत ती चाकं लोण्यात सुरी जावी तशी जातात. चाकं जिथे येतील तिथे ट्रकच्या दिशेने लांब जाड फळ्या किंवा पाऊण इंची प्लायवूड आधीच टाकून ठेवा. ड्रायव्हर बहुधा आणत नाही, आणि कागदावर ड्राइव्हवेची जबाबदारी तुमची असं बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं. ट्रकला सरळ रेषेत 60 फूट आणि वर 25 फूट मोकळी जागा हवी, तेव्हा मेपलच्या फांद्या आणि विजेच्या तारा बघून घ्या. रस्त्यावर ठेवायचा असेल तर टाउनशिपचं परमिट लागतं, म्हणून ड्राइव्हवेच बरा. डबा वरच्या कडेच्या पातळीपर्यंतच भरायचा, ढीग वर आला तर ड्रायव्हर नेत नाही. रात्री ताडपत्री घाला, पावसासाठी आणि शेजाऱ्यांसाठीही. सकाळी उठून डब्यात अनोळखी गादी दिसणं ही अतिशयोक्ती नाही.

तुमच्या सहा आठवड्यांचा क्रम असा. पहिले दोन ठरवण्यात आणि वाटण्यात, आणि याच काळात फरशीची लॅब तपासणी. तिसऱ्या आठवड्यात टाउनशिपचा नंबर आणि काउंटीची फेरी. आठवड्याच्या शेवटी अर्ध्या दिवसासाठी जंकवाले, बेसमेंट आणि गराज दोन्ही. चौथ्या आठवड्यात 10 यार्डचा डबा आणि बाथरूमची तोडफोड. पाचवा-सहावा टाइलवाल्याचा आणि प्लंबरचा, आणि तेवढाच वेळ त्यांना पुरेल असं मला वाटत नाही, तेव्हा रिअल्टरशी आठवडाभर जास्तीचं आत्ताच बोलून ठेवा. काम संपताना उरलेले खोके आणि टाइलचे तुकडे राहतात, त्यासाठी दुसरा डबा नको. होम डेपोत बॅगस्टर नावाची मोठी ताडपत्रीची पिशवी मिळते, तीन यार्ड आणि 3300 पाउंडांपर्यंत चालते. पिशवीचे पैसे वेगळे, उचलायचे वेगळे. ती रस्त्याजवळच उघडा, क्रेनचा हात गराजपर्यंत पोचत नाही.

आणि डबा येण्याच्या आदल्या रात्री दोन्ही गाड्या गराजमधून काढून बाहेर रस्त्यावर लावा. हसू नका, पहाटे सहाला येऊन ड्रायव्हर डबा गराजच्या दारासमोर टेकवून जातो आणि सात वाजता फोन येतो, ‘अहो, मला ऑफिसला जायचंय.’ असे तीन फोन मी घेतलेत. त्यातला एक माझ्या बायकोचा होता.